आमच्या मिक्सरची किंमत

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन आवाज वाढतात. एक सौभाग्यवतींचा आणि दुसरा मिक्सरचा. पहिल्या आवाजाबद्दल या सदरात मी पूर्वी पुष्कळ लिहिले आहे आणि त्याची फळेही भोगली आहेत. तेव्हा आज दुसऱ्याबद्दल लिहितो. संपादकांनी दिवाळी अंकासाठी नेहमीपेक्षा ऐसपैस जागा दिली आहे, तिचा फायदा घेऊन थोडी आकडेमोडही करणार आहे. वाचकांनी त्यासाठी फराळाचे ताट बाजूला ठेवण्याचे कारण नाही. आकडे साधे आहेत. मला जमले, यावरून काय ते समजा.

हा मिक्सर आम्हाला फुकट मिळाला. निदान गेली दीड वर्षे माझी तशी समजूत होती, आणि आल्यागेल्याला चटणी वाढताना मी ती मोठ्या अभिमानाने बोलून दाखवीत असे. त्याची हकीकत अशी. माझा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथल्या एका चुणचुणीत मुलीने काही वर्षांपूर्वी मला गाठले आणि "सर, आपल्यासाठी क्रेडिट कार्ड आजन्म फुकट आहे," असे सांगितले. 'आजन्म' आणि 'फुकट' हे दोन शब्द शेजारी शेजारी ऐकूनही ज्याची मान तुकत नाही असा पुणेकर अजून जन्माला यायचा आहे. मी सही केली. तेव्हापासून दर महिन्याचे बिल मी मुदतीच्या चार दिवस आधी पै न पै चुकते करतो. याला सद्गुण म्हणू नका. लहानपणी किराणा दुकानदाराच्या वहीत आमचे नाव असे, आणि महिनाअखेर आली की वडील त्या दुकानासमोरचा रस्ता टाळून लांबच्या बोळाने घरी येत. तो बोळ माझ्या पायांत अजून शिल्लक आहे.

पुढे एके दिवशी बँकेचा निरोप आला, की आपल्या नात्यागोत्यातल्या कोणाला आमचे कार्ड घ्यायला लावा. ते मंजूर झाले की आपल्या खात्यावर अमुक हजार गुण जमा होतील. गुण या शब्दापुढे प्राध्यापक दुबळा असतो. इतकी वर्षे मी दुसऱ्यांना गुण देत आलो; मला कोणी द्यायला निघाले असे हे पहिलेच. माझ्या थोरल्या ताईचा मुलगा तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात नुकताच नोकरीला लागला होता. त्याला सुट्टीच्या दिवशी जेवायला बोलावले, पानात एक पोळी जास्त वाढायला लावली, आणि पंचेचाळीस-पन्नास दिवस दुसऱ्याचे पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात ही केवढी सोय, असे कार्डमाहात्म्य त्याला साद्यंत ऐकवले. मामाचा शब्द! आठवड्यात त्याला कार्ड मिळाले, महिन्यात मला गुण मिळाले, आणि गुणांचा मिक्सर झाला.

यंदा दसरा झाल्यावर एका रविवारी भाचा आला. अंतर्गत गुणांबद्दल बोलायला आलेला विद्यार्थी जसा दाराशीच चपलांशी खेळत राहतो, तसा थोडा वेळ घुटमळला. मग म्हणाला, "मामा, जरा एक विचारायचे होते." आणि फोन माझ्यापुढे धरला.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. पहिले काही महिने त्याने बिल पूर्ण भरले. मग एका महिन्यात लॅपटॉप घेतला, पहिल्या वर्षाच्या नोकरीतून आईला पैठणी घेतली, मित्राच्या लग्नाला जाऊन आला, आणि बिल आले पन्नास हजारांचे. पगारातून तेवढे निघण्यासारखे नव्हते. फोनच्या पडद्यावर दोन चौकोन होते. एकात लिहिले होते 'एकूण देय रक्कम', दुसऱ्यात 'किमान देय रक्कम'. त्याने दुसऱ्यावर बोट ठेवले. त्या दिवसापासून कार्ड कपाटात ठेवून दिले, एका रुपयाची नवी खरेदी केली नाही.

"चौदा महिने झाले मामा. एकही महिना चुकवलेला नाही. उलट बँकेनेच मध्यंतरी विचारले, तुमची मर्यादा वाढवून देऊ का म्हणून. मग हे संपत का नाही?"

सौ.ने दूध-पेपरच्या हिशेबाची वही आणली आणि आम्ही तिघे जेवणाच्या टेबलाशी बसलो. व्याज होते दरमहा शेकडा साडेतीन. ऐकायला किती सोज्वळ वाटते! पण बारा महिन्यांचे बेचाळीस टक्के होतात. ही काही एकाच बँकेची कर्तबगारी नव्हे. आपल्याकडे पुष्कळ कार्डांवर दरमहा ३ ते ३.७५ टक्के असाच दर असतो. पन्नास हजारांवर महिन्याचे व्याज झाले १,७५० रुपये. त्या व्याजावर सरकारचा १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये. म्हणजे देणे झाले ५२,०६५. त्याच्या पाच टक्के ही किमान देय रक्कम, म्हणजे २,६०३ रुपये. पोराने घाम गाळून २,६०३ भरले की त्यातले २,०६५ व्याजात आणि करात गेले आणि मुद्दल कमी झाले अवघे ५३८ रुपयांनी. निरनिराळ्या बँकांची सूत्रे थोडीफार निराळी असतात, सुरुवातीच्या बिलाचे काही बारकावेही मी सोडून दिले आहेत. पण घाट हाच. असे चौदा वेळा मांडत गेलो तेव्हा भरलेली रक्कम सुमारे चौतीस हजार झाली आणि शिल्लक राहिले सुमारे त्रेचाळीस हजार. याच चालीने अर्धे कर्ज फिटायला पाच वर्षे आणि वर चार महिने लागले असते.

"म्हणजे चौतीस हजार दिले आणि फिटले किती, तर सात हजार?" सौ. म्हणाली.

भाचा काही बोलला नाही. माझे लक्ष उगाचच स्वयंपाकघराच्या ओट्याकडे गेले.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला 'किमान देय' हा शब्द पूर्वीच खटकायला हवा होता. देय म्हणजे द्यावयाचे. किमान देय म्हणजे निदान इतके तरी द्यावयाचे. आणि सज्जन माणसाच्या मनाची ठेवण अशी, की निदान इतके दिले की आपले कर्तव्य झाले असे त्याला वाटते. वास्तविक हा आकडा देणेकऱ्याने किती द्यावे हे सांगत नाही. किती कमी दिले तर बँकेचा राग होणार नाही तेवढेच सांगतो. त्याचे नाव 'कमाल विलंब रक्कम' असे ठेवले असते तर माझ्या भाच्याने त्यावर बोट ठेवले नसते. नियमाप्रमाणे प्रत्येक बिलावर एक सूचना असते, की दर वेळी फक्त किमान रक्कम भराल तर फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षे लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल. ती याच्याही बिलावर होती. त्याने वाचली नव्हती. खरे सांगायचे तर माझ्या बिलावरची मीही कधी वाचलेली नव्हती.

मग त्याने एक प्रश्न विचारला, आणि तोच मला पुढे पंधरा दिवस पुरला. "मामा, रोज कोणत्या ना कोणत्या बँकेचा फोन येतो, कार्ड घ्या, कार्ड घ्या. एवढी चढाओढ आहे, तर एखादी बँक शेजारणीपेक्षा व्याज कमी का करीत नाही? मंडईत तर एकीने मेथी दोन रुपयांनी उतरवली की अख्खी रांग उतरते."

अर्थशास्त्राच्या प्रश्नाला मराठीच्या प्राध्यापकाने द्यावे तेच उत्तर मी दिले, म्हणालो, सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या स्टाफरूममधल्या अर्थशास्त्राच्या सरांना गाठले. त्यांनी चहा माझ्या नावावर मागवला आणि १९९१ सालचा एक अमेरिकन निबंध वाचायला दिला. हा धंदा मूळचा तिकडचाच, तेव्हा त्याची जन्मपत्रिकाही तिकडेच पाहावी लागते.

१९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. फ्रँक मॅकनमारा नावाचे गृहस्थ हॉटेलात जेवले आणि पाकीट घरी विसरल्याचे त्यांच्या लक्षात आले, त्यातून ही कल्पना सुचली अशी कथा सांगतात. ती मागाहून जाहिरातीसाठी रचली असेही म्हणतात, आणि इतकी नेटकी कथा बहुधा तशीच असते. ते काही असो. त्या कार्डावर कर्ज नव्हते. महिन्याचे बिल पूर्ण भरायचे, आणि क्लब आपली कमाई हॉटेलवाल्याकडून शेकडा सात कापून करी. खरी गंमत झाली १९५८ च्या सप्टेंबरात. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो गावी बँक ऑफ अमेरिकेने सुमारे ६०,००० कार्डे लोकांनी न मागता टपालाने घरोघर पाठवून दिली. या कार्डावर बिल थोडेथोडे फेडायची मुभा होती आणि उरलेल्यावर महिना दीड टक्का व्याज. बँकेचा अंदाज होता, शंभरांत चार लोक वेळेवर भरणार नाहीत, निघाले बावीस. प्रारंभी मोठा तोटा झाला. पण बँकेने धीर सोडला नाही, आणि त्याच कार्डाचे १९७६ साली 'व्हिसा' असे बारसे झाले. न मागता कार्डे पाठवण्याला मात्र तिथल्या कायद्याने १९७० साली बंदी घातली.

तोवर अमेरिकेतल्या राज्याराज्यांत व्याजावर मर्यादा घालणारे कायदे होते, आपल्याकडे सावकारी कायदे असत तसे. ती भिंत एका खटल्याने पडली. नेब्रास्का राज्यातली एक बँक मिनेसोटा राज्यातल्या लोकांना कार्डे देई. नेब्रास्कात अठरा टक्के व्याज चाले, मिनेसोटात बाराच. कोणता कायदा लागू करायचा? १९७८ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बँक ज्या राज्यातली, कायदा त्या राज्याचा. झाले! मोठ्या बँकांनी नकाशा उघडला. न्यूयॉर्कची सिटीबँक तेव्हा व्याजमर्यादेखाली कुढत होती, कारण महागाईच्या त्या काळात तिलाच पैसे महाग पडत होते. साउथ डकोटा या दूरच्या, शेतीवाडीच्या राज्याने १९८० साली व्याजाची मर्यादा काढून टाकली आणि १९८१ मध्ये सिटीबँकेने आपला कार्डांचा सगळा कारभार तिथल्या सू फॉल्स गावी हलवला. त्याच वर्षी डेलावेअर राज्यानेही आपले दार उघडले. सासुरवाशीण माहेरी पोचावी तशा बँका त्या दोन राज्यांत जाऊन विसावल्या.

इथपर्यंत एकवेळ समजण्यासारखे आहे. पैसा महाग होता, व्याज महाग झाले. पुढचे पाहा. १९८१ नंतर महागाई उतरली. बँका एकमेकींकडून पैसे उचलतात तो दर पाच वर्षांत निम्म्याहून खाली आला. कार्डांचे व्याज मात्र अठराच्या आसपास खिळा ठोकल्यासारखे उभेच राहिले. आणि दुकाने किती, तर चार हजारांहून जास्त बँका कार्डे देत होत्या. कोणा एकीची मक्तेदारी नव्हती, नवीला यायला मज्जाव नव्हता. अर्थशास्त्राच्या पुस्तकात चढाओढीचे जे आदर्श चित्र काढतात ते हुबेहूब इथे होते. तरी त्या काळात कार्डांच्या धंद्यातला नफा बँकांच्या नेहमीच्या नफ्याच्या तिपटीपासून पाचपटीपर्यंत होता. हे सगळे आकड्यांनिशी मांडून लॉरेन्स ऑसुबेल या अर्थशास्त्रज्ञाने आपल्या निबंधाचे नावच 'क्रेडिट कार्डांच्या बाजारातील चढाओढीचे अपयश' असे ठेवले.

त्याने दिलेले कारण वाचले तेव्हा मला अमेरिका दिसेनाशी झाली आणि आमचे जेवणाचे टेबल दिसू लागले. तो म्हणतो, कार्ड घेताना पुष्कळशा लोकांचा उधारी ठेवण्याचा इरादाच नसतो. आपण दर महिन्याला पूर्ण फेडणार, असे प्रत्येकाला मनापासून वाटते. ज्याला व्याज भरायचेच नाही तो व्याजाचा दर कशाला पाहील? लग्नाच्या बोहल्यावर उभ्या असलेल्या माणसाला काडीमोडाच्या वकिलाची फी सांगण्यासारखे आहे ते. आणि मग त्यांतले पुष्कळ जण उधारी ठेवतात, महिनोन् महिने ठेवतात. दुसरी गोम याहून खोल. एखाद्या बँकेने खरोखरच व्याज उतरवले, तर तिच्या दारात कोण येईल? ज्याला आधीपासून माहीत आहे की आपल्याला कर्ज काढायचे आहे, आणि फेडण्याची फारशी खात्री नाही, तो. बँकेला हवे असलेले गिऱ्हाईक, म्हणजे आज सचोटीने पूर्ण भरीन म्हणणारे आणि उद्या निमूटपणे व्याज भरणारे, त्या पाटीकडे ढुंकूनही पाहत नाही. मेथी उतरवणारीला गिऱ्हाईक मिळते. व्याज उतरवणारीला फक्त बुडीत खाती मिळतात. म्हणून कोणी उतरवीत नाही.

मग चढाओढ होते ती कशावर? गिऱ्हाईक ज्याकडे पाहते त्यावर. तिथे पूर्वी कार्डाला वार्षिक वर्गणी असे. १९८६ मध्ये डिस्कव्हर नावाचे कार्ड वर्गणीशिवाय देशभर निघाले, वर खरेदीतले थोडे पैसे परत. १९९० मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने 'आजन्म वर्गणी नाही' असे कार्ड काढले आणि बाकीच्यांची पळापळ झाली. (आमच्या बँकेतल्या त्या मुलीचे वाक्य इतके जुने आहे, हे मला ठाऊक नव्हते.) पुढच्या दाराची किंमत अशी उतरत गेली, मागच्या दाराची चढत गेली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की मुदत चुकल्याबद्दलचा दंड हाही व्याजाचाच प्रकार. म्हणजे त्यालाही बँकेच्या राज्याचाच कायदा. तिथे १९९५ साली हा दंड सरासरी १३ डॉलर होता, २००५ साली ३४ डॉलर झाला. कारण उघड आहे. आपण तारीख विसरू, असे समजून कोणी कार्ड घेत नाही. २००९ साली नवा कायदा झाला, आणि किमान रक्कमच भरत गेल्यास कर्ज किती वर्षांत फिटेल हे बिलावरच आकड्यात छापणे भाग पडले. २०२४ मध्ये सरकारी खात्याने मोठ्या बँकांचा दंड ८ डॉलरवर आणणारा नियम केला. तो अमलात येण्याआधीच अडला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये टेक्सासच्या न्यायालयाने रद्द केला.

आपल्याकडे २०२४ च्या फेब्रुवारीत चालू क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींवर गेली. चढाओढ कशावर चालते, ते जाहिराती पाहा म्हणजे कळेल. विमानतळावरची आरामखोली, सिनेमाच्या तिकिटावर तिकीट, दिवाळीच्या खरेदीवर शेकडा दहा सूट. कोपऱ्यावरच्या होर्डिंगवर दरमहा साडेतीन ऐवजी अडीच टक्के, अशी पाटी कोणी पाहिली असेल तर मला कळवावे.

आणि व्याजाला मर्यादा? आमच्या मुलुखाला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोला दामदुपटीचा नियम लागू असे. व्याज कितीही तुंबो, सावकाराला एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नसे. तरीही कागदांवर कागद लिहून घेऊन कुणबी पिळला गेला, आणि १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली, कर्जरोखे जाळले. दंगा इतर गावांत पसरला. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यातली मोठी गोष्ट ही, की न्यायाधीशाने नुसता रोखा पाहायचा नाही. रोख्यामागे जाऊन पहिल्यापासूनचा व्यवहार उकरायचा, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळे काढायचे.

बँकांच्या बाबतीत १९८४ पासून नेमके उलटे आहे. बँकिंग कायद्यात तेव्हा २१ अ हे कलम घातले गेले. व्याज फार आहे एवढ्याच कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाने उकरायचा नाही. तरी २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने धीर करून सांगितले, की कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारप्रथा आहे. तो निकाल अपिलात सोळा वर्षे लोंबकळला, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आयोगाला दर ठरवण्याचा अधिकार नाही, तो विषय रिझर्व्ह बँकेचा, असे न्यायालय म्हणाले. रिझर्व्ह बँकेने आकडा बांधून दिलेला नाही. काही चांगले नियम तिने २०२२ साली जरूर केले. तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचा आकार लावायचा नाही, मागितल्याशिवाय कार्ड द्यायचे नाही, देणे फेडून कार्ड बंद करा म्हटले की सात कामाच्या दिवसांत बंद करायचे, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये गिऱ्हाइकाला द्यायचे. हा शेवटचा नियम वाचून मला तर गुदगुल्या झाल्या.

सावकारच बरा होता, असे मी म्हणणार नाही. त्याने जमिनी खाल्ल्या. बँक कार्डापायी कोणाची जमीन लिहून घेत नाही. पण मला राहून राहून आमचा तो किराणा दुकानदार आठवतो. तोही उधार देई, व्याज लावत नसे, थोडेफार मालाच्या भावात सावरून घेत असेल. मात्र वही दोन पाने पुढे गेली की तो वडिलांना बाजूला घेऊन म्हणे, "मास्तर, या महिन्यात हात जरा आखडता घ्या." त्याला त्याचे पैसे परत हवे होते. माझ्या भाच्याला चौदा महिन्यांत असे कोणी म्हटले नाही. मर्यादा वाढवून देऊ का, एवढेच विचारले.

आणि माझे काय? मी दर महिन्याला पन्नास दिवसांचे फुकट कर्ज घेतो, वर गुण घेतो, एक पैसा देत नाही. माझ्यासारख्याला पोसायला बँकेकडे दोनच वाटा आहेत. एक दुकानदाराकडून कापलेले कमिशन, आणि दुसरी जे पूर्ण भरत नाहीत त्यांचे व्याज. माझा शहाणपणा इतके दिवस कोणाच्या तरी पानातले जेवत होता. तो 'कोणीतरी' अनोळखी होता तोवर मला त्याचे काही वाटले नाही, हेही कबूल करतो.

त्या रविवारचे सांगायचे राहिलेच. हिशेब झाल्यावर सौ. उठली आणि कपाटातून ठेवीची पावती घेऊन आली. घराला रंग द्यायला म्हणून आम्ही ती राखून ठेवली होती. "तिला मिळतात वर्षाचे सात टक्के, आणि हा भरतो बेचाळीस. भिंती आणखी एक वर्ष थांबतील," ती म्हणाली. ही तुलना मी करायला हवी होती, पण मी अजून 'किमान देय' या शब्दावर अडकून बसलो होतो. भाचा पैसे घ्यायला तयार होईना. बँकेचे साधे वैयक्तिक कर्जही याच्या निम्म्याहून कमी व्याजाने मिळेल, ते काढतो म्हणाला. शेवटी ठरले ते असे, की तो दरमहा तीन हजार आम्हाला परत करील, पंधरा महिन्यांत देणे संपेल, आणि ठेव मोडल्याने आमचे जेवढे व्याज बुडेल तेवढे तो वर देईल. ताईला यातले काही कळवायचे नाही, अशी अट त्याने घातली. तिने ती पैठणी दसऱ्याला नेसून फोटो पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कारखान्यातून थेट आमच्याकडे आला. देणे भरून झाले होते, कार्ड बंद करण्याचा अर्जही केला होता. चेहरा पुष्कळ हलका दिसत होता. "तुम्ही तेव्हा सांगितले होते मामा, पूर्ण भरत जा म्हणून. मीच नीट ऐकले नाही," असे वर मलाच म्हणाला. मी तसे सांगितले होते की नाही, हे मला काही केल्या आठवेना.

सौ. ओल्या नारळाची चटणी वाटत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता. आवाज थांबल्यावर म्हणाला, "मामी, मिक्सर छान आहे हो. आईलाही एक घ्यायचा आहे. कुठून घेतला तुम्ही?"

तिने भांड्याचे झाकण काढले, कडेची चटणी चमच्याने खाली केली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "ते तुला तुझे मामा सांगतील."